स्क्रूचा दात: कर्ज काढण्याआधी काय विचारायचं?

(महासंघाच्या मासिक सभेत आरोग्य समितीने ठेवलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलणाऱ्या ताई तालुक्याच्या ठिकाणी दातांच्या डॉक्टर आहेत. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलं आहे. सभेत विचारलेले काही प्रश्न शेवटी दिले आहेत.)



समितीच्या ताईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, दात कसे घासायचे ते सांगू नका, ते शाळेत पोरांना सांगा. आमच्याकडे आता दातासाठी कर्जमागणी यायला लागली आहे. कुणी चाळीस हजार मागतं, कुणी ऐंशी हजार. अर्जावर लिहितात ‘इम्प्लांट’. आम्हाला हो म्हणायचं की नाही म्हणायचं तेच कळत नाही.” म्हणून आज तोच विषय. कर्ज द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तो तुमचा अधिकार. काय विचारून मग ठरवायचं, तेवढं मी सांगते.

आधी वस्तू काय आहे ते बघू. आपला दात जेवढा वर दिसतो, त्याहून जास्त तो हाडात असतो. ते त्याचं मूळ. दात काढला की मूळही जातं. कवळी लावली तर फक्त वरचा भाग परत मिळतो, तो हिरडीवर टेकलेला असतो. इम्प्लांटमध्ये मूळच नवीन बसवतात. टायटॅनियम नावाच्या धातूचा स्क्रू असतो, लांबीला साधारण एक सेंटिमीटर, जाडीला चारेक मिलिमीटर. बारीक शेंगदाण्याएवढा म्हणा. भूल देऊन हाडात भोक पाडायचं, स्क्रू बसवायचा. मग काही महिन्यांनी त्यावर एक जोड लावायचा आणि जोडावर दाताच्या रंगाची कॅप. म्हणजे स्क्रू, जोड आणि कॅप अशा तीन वस्तू झाल्या. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पैशाचा विषय येईल तेव्हा लागतील.

हा शोध स्वीडनचा. तिथले ब्रोनमार्क नावाचे डॉक्टर १९५२ साली सशाच्या हाडावर अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमचं यंत्र बसवलं होतं. काम झाल्यावर काढायला गेले तर ते निघेना. हाड त्याला घट्ट चिकटलं होतं. त्यावरून त्यांनी पुढची कल्पना केली आणि १९६५ साली पहिल्या माणसाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोपर्यंत ते त्याच्या तोंडात होते. चाळीस वर्षं. तेव्हा ही वस्तू खोटी नाही, जाहिरातीचं फॅड नाही. चांगल्या हाडात, चांगल्या हाताने बसवलेले आणि नीट राखलेले शंभरातले नव्वदच्या वर इम्प्लांट दहा वर्षांनंतरही टिकलेले दिसतात.

पण ह्यातली खरी मेख कळली पाहिजे. स्क्रूला डॉक्टर धरून ठेवत नाही, सिमेंटही नाही. तुमचं हाड त्याला धरतं. रोप लावलं की मूळ धरायला वेळ द्यावा लागतो, तसंच. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात चार ते सहा, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं. आणि रोपासारखंच, जमीन चांगली नसेल तर महागातलं रोपही जगत नाही. आता तोंडातली जमीन कशाने खराब होते ते बघू. इथे मी जरा वेळ घेणार आहे, राग मानू नका.

मिसरी. कोण कोण लावतं असं विचारत नाही, हात वर होणार नाहीत. पण वीस वर्षं तोंडं बघतेय, मला बोलायची गरज नसते. हिरडीवरचा काळपट पट्टा, खालच्या ओठाच्या आतली पांढरट सुरकुतलेली जागा, दातांची उघडी पडलेली मुळं. सकाळी एकदा, भाकऱ्या झाल्यावर एकदा, दुपारी शेतातून आल्यावर एकदा, आणि रात्री झोप लागत नाही म्हणून परत. मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखू. दात साफ करायची पावडर नव्हे. तंबाखूमुळे हिरडीला रक्त कमी मिळतं, म्हणून हिरडी आतून सडत असली तरी रक्त येत नाही, आणि बाई म्हणते, “माझ्या हिरड्या चांगल्या आहेत, मिसरीने घट्ट झाल्यात.” तसं नाही. हाड खाली जातं, दात हलायला लागतो, एक दिवस भाकरी तोडताना हातात येतो. आता ज्या मिसरीने खरा दात गेला, त्याच मिसरीत आपण चाळीस हजारांचा स्क्रू लावणार. तो किती दिवस राहील? सिगारेट-बिडी ओढणाऱ्यांचे इम्प्लांट जास्त निकामी होतात हे जगभर दिसलं आहे. तोंडात ठेवायच्या तंबाखूनेही हिरडीचं वाटोळं होतंच, शिवाय तोंडाचा कॅन्सर होतो. म्हणून माझ्याकडे मिसरी लावणारी बाई इम्प्लांट मागायला आली तर मी आधी मिसरी सोडवते, दोन-तीन महिने हिरड्यांचे उपचार करते, आणि मगच पुढचं बोलते. काही जणी रागावून दुसऱ्या दवाखान्यात जातात. जाऊ देत. जो डॉक्टर तुमच्या हिरड्या बघून तंबाखूचा विषयसुद्धा काढत नाही आणि थेट स्क्रूची किंमत सांगतो, त्याच्याबद्दल जरा विचार करा.

सोडायची कशी, हा प्रश्न येतोच. एकटीने सुटत नाही, गटाने सुटते, असा माझा अनुभव आहे. शासनाची मोफत दूरध्वनी सेवाही आहे, १८०० ११ २३५६. तंबाखूच्या पुडीवर हाच नंबर छापलेला असतो.

दुसरी गोष्ट साखर. मधुमेह असला म्हणून इम्प्लांट होत नाही असं काही नाही. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, जंतू वाढतात, हाड स्क्रूला धरत नाही. त्यासाठी एक रक्ततपासणी असते, एचबीएवनसी, तिच्यात तीन महिन्यांच्या साखरेचा हिशोब कळतो. सातच्या आसपास असेल तर आम्ही निर्धास्तपणे पुढे जातो. आठच्या वर असेल तर आधी साखर. आणि तपासणी कधी केलीच नसेल तर चाळिशीपुढच्या प्रत्येकीने ती करून घ्यायचीच, दातासाठी नको, स्वतःसाठी.

तिसरी गोष्ट औषधं. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक अशी गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन घेणाऱ्या मावश्या इथे असतील. ते दातांच्या डॉक्टरला आधी सांगायचं. त्या औषधांवर असताना जबड्याचं हाड कापलं तर क्वचित ते भरून येत नाही, उघडं पडतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगायचं, पण ती आपल्या मनाने बंद करायची नाही. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, म्हणजे नावं पाठ करायला नकोत.

आता, इम्प्लांट लागतोच का? इथे बायकांना सगळ्यात कमी माहिती दिली जाते. एक दात गेला तर चार वाटा असतात. एक म्हणजे काहीच करायचं नाही. हो, हीसुद्धा वाट आहे. अगदी मागची दाढ गेली, बाकीच्या दातांनी भाकरी, शेंगदाणे नीट चावता येतात, दिसतही नाही, तर ती जागा तशीच ठेवली तरी पुष्कळ जणींचं चांगलं चालतं. फक्त समोरची दाढ खाली उतरत नाही ना, एवढं अधूनमधून डॉक्टरला बघू द्यायचं. दुसरी वाट काढता-घालता येणारा दात. स्वस्त, हजार-दोन हजारांपासून होतो, थोडा हलतो, रात्री काढून पाण्यात ठेवायचा. तिसरी वाट ब्रिज, म्हणजे शेजारचे दोन दात तासून तीन दातांची जोडलेली कॅप. शेजारच्या दातांना आधीच कॅपची गरज असेल तर ब्रिज उत्तम. पण शेजारचे दात धडधाकट असतील तर ते तासायला जीव होत नाही, आणि तिथे इम्प्लांट खरोखर चांगला, कारण तो कुणाच्या आधारावर उभा नसतो.

पाचवी एक वाट बाजारात मिळते, ती वाट नाहीच. आठवडी बाजारात, जत्रेत किंवा एखाद्या गाळ्यात “पंधरा मिनिटांत फिक्स दात” करून देतात. तारेने किंवा मसाला ओतून शेजारच्या दातांना प्लास्टिकचा दात बांधून टाकतात. बाईला वाटतं, तीनशे-चारशेत काम झालं. त्या मसाल्याखाली अन्न कुजतं, वास येतो, आणि वर्षा-दोन वर्षांत शेजारचे दोन चांगले दातही हलायला लागतात. एक दात बसवायला गेलेली बाई तीन दात घालवून माझ्याकडे येते. त्यांच्या हत्यारांचं काय विचारता, एका तोंडातून दुसऱ्या तोंडात. कावीळ बी आणि कावीळ सी रक्तातून अशाच पसरतात.

ज्यांचे सगळेच दात गेले आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिचं सहसा बरं चालतं. खालची मात्र जीव खाते. जीभ हलली की ती हलते, हिरडी सोलते, आणि शेवटी ती कवळी फळीवर डब्यात जाऊन बसते, फक्त लग्नाला काढायची. अशा वेळी कुणी सांगतं, सहा-आठ इम्प्लांट लावू, दोन-तीन लाख लागतील. पण खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट लावून त्यांच्यावर कवळी टिचबटणासारखी अडकवता येते. टक् करून बसते, टक् करून निघते, धुता येते. २००२ साली कॅनडात जमलेल्या तज्ज्ञांनीही खालच्या जबड्यात दात नसलेल्यांसाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. तेव्हा कुणी तुम्हाला थेट आठाचा हिशोब दिला तर विचारा, “डॉक्टर, दोनावर बटणाची कवळी माझ्यात होईल का?” नाही म्हणाले तर कारण सांगायला लावा. कारण खरंही असू शकतं.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्वतःचा दात वाचत असेल तर तो वाचवायचा. किडलेली दाढ रूट कॅनल करून आणि वर कॅप घालून पुष्कळ वर्षं चालते, खर्चही इम्प्लांटपेक्षा कमी. “सगळे काढा आणि नवीन बसवा” असं एकाने सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय एकही दात काढू देऊ नका. काढलेला दात परत लावता येत नाही. मात्र दात काढायचाच ठरला, तर काढायच्या आधीच विचारा की पुढे तिथे काय बसवायचं. दात काढल्यावर पहिल्या वर्षभरात तिथलं हाड बरंच झिजतं. सात-आठ वर्षांनी इम्प्लांटला गेलात तर हाडच अपुरं निघतं आणि मग हाड भरायचा वेगळा खर्च येतो. हे भरायचं हाड पावडरीसारखं असतं. ते कृत्रिम असतं, काही वेळा गायीच्या किंवा इतर जनावराच्या हाडापासून केलेलं असतं. कशाचं आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. चालत नसेल तर तसं सांगायचं, पर्याय असतो.

बरं, आता दवाखाना.

दवाखान्यात एसी आहे, टीव्हीवर दातांचा सिनेमा चालू आहे, ह्यावरून काही कळत नाही. भिंतीवर प्रमाणपत्र बघा. दातांच्या डॉक्टरची पदवी बीडीएस, त्यापुढे शिकलेले एमडीएस. दोघांचीही राज्य दंत परिषदेत नोंदणी असावी लागते, तिचा नंबर असतो. तो दिसला नाही तर मागा. एमडीएसच्या शाखांमध्ये ‘इम्प्लांट’ नावाची वेगळी शाखा नाही. हिरड्यांचे, कृत्रिम दातांचे आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ हे काम करतात, आणि शिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टरही करतात, चांगलं करतात. म्हणून पाटीवरच्या मोठ्या शब्दापेक्षा सरळ विचारा, “तुम्ही स्वतः असे किती केलेत? पाच वर्षांपूर्वी केलेलं एखादं पेशंट अजून तुमच्याकडे येतं का?” चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं.

तालुक्याच्या गावात आणखी एक रीत आहे. दवाखाना एकाचा, आणि स्क्रू लावायला शहरातून दुसरे डॉक्टर येतात, महिन्यातल्या एखाद्या रविवारी. ह्यात वाईट काही नाही, त्यांचा हात बसलेला असतो. पण ते संध्याकाळच्या गाडीने परत जातात. बुधवारी रात्री गाल सुजला तर फोन कुणाला करायचा, हे आधीच ठरवून घ्या. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. दोन स्क्रू बसवलेले, कॅप बसवायची राहिलेली, आणि दवाखाना बंद होऊन डॉक्टर गाव सोडून गेलेले. त्यांच्याजवळ ना बिल, ना कार्ड. आता प्रत्येक कंपनीच्या स्क्रूचा आटा वेगळा असतो, त्याचा जोड वेगळा, उघडायची चावीसुद्धा वेगळी. एका ट्रॅक्टरचा पार्ट दुसऱ्याला बसत नाही तसं. स्क्रू कुठल्या कंपनीचा हे कळेपर्यंत दोन महिने गेले. एक्स-रे मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवून, अंदाज बांधत बांधत शेवटी जोड मिळाला. नसता मिळाला तर ते दोन्ही स्क्रू फुकट होते.

म्हणून स्टिकर मागायचं. स्क्रूच्या डबीवर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर छापलेलं स्टिकर असतं. ते तुमच्या कार्डावर किंवा फाइलवर चिकटवून घ्यायचं, आणि ते कार्ड बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवायचं. स्वित्झर्लंडची स्ट्रॉमन, कोरियाची ऑस्टेम अशा बऱ्याच कंपन्या आहेत, भारतातही बनतात. सगळ्यात महागडीच घ्या असं मी म्हणणार नाही. ज्या कंपनीचा माल बरीच वर्षं बाजारात आहे आणि ज्याचे सुटे भाग उद्या दुसऱ्या डॉक्टरला मिळतील, ती घ्या.

स्वच्छतेचं बघायचं असेल तर हत्यारं कुठल्या यंत्रात निर्जंतुक करतात ते विचारा. ऑटोक्लेव्ह म्हणतात त्याला. मोठ्या कुकरसारखं, दाबाच्या वाफेवर चालतं. नुसतं पाणी उकळून भागत नाही. हत्यारांचं बंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. स्क्रूची डबीही तुमच्यासमोर. आणि हाडाचा फोटो काढल्याशिवाय कुणी स्क्रू लावायला निघालं तर खुर्चीवरून उठा. साधा मोठा एक्स-रे तर हवाच, बहुतेक वेळा हाडाची जाडी आणि खालची नस कुठून जाते ते बघायला स्कॅनही लागतो. खालच्या जबड्यातली नस दुखावली तर ओठ बधिर होतो, कधी कायमचा.

“एका दिवसात दात”, “तीन दिवसांत फिक्स दात” अशा पाट्या तुम्ही वाचल्या असतील. काही जणींच्या हाडात स्क्रू इतका घट्ट बसतो की वर लगेच तात्पुरता दात देता येतो, हे खरं आहे. पण सगळ्यांनाच ते लागू होत नाही. ते तुमचं हाड बघून ठरतं, पाटीवरून नाही.

मोफत तपासणी शिबिराला जरूर जा. तपासून घ्या, कागद घ्या. “आजच पैसे भरले तर निम्म्या किमतीत” असं म्हटलं की मात्र घरी या. गेलेला दात ही आग लागलेली नाही. पंधरा दिवस विचार केला तर काही बिघडत नाही. गटात चर्चा करा. पाच हजारांची शेळी घ्यायची तर आपण तिचे दात बघतो, चार जणींना विचारतो, मग स्वतःच्या दाताला एवढी घाई का?

आता पैसे. एका दाताला साधारण वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत सांगतात. फरक कंपनीचा, गावाचा, डॉक्टरच्या अनुभवाचा. पण फसगत किमतीत कमी आणि मोजण्यात जास्त होते. जाहिरातीत “फक्त पंधरा हजार” लिहिलेलं असतं, तो नुसता स्क्रू. मघाशी म्हटलं ना, तीन वस्तू? जोड वेगळा, कॅप वेगळी. वर स्कॅन, औषधं, हाड भरायचं असेल तर ते. म्हणून कागदावर लिहून घ्या: स्क्रू, जोड, कॅप धरून एकूण किती, हाड भरावं लागलं तर किती, आणि हाडाने स्क्रू धरलाच नाही तर पुन्हा बसवायचे पैसे लागतील की नाही. “आजीवन गॅरंटी” हा शब्द कुणी वापरला तर कशाची गॅरंटी ते लिहून मागा. बहुधा ती धातूच्या स्क्रूची असते, तुमच्या हाडाची कुणी देत नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, प्रत्येक वेळी बिल घ्या. पैसे घेऊन केलेल्या उपचारात हलगर्जी झाली तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं, १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने डॉक्टरांची सेवा त्या कायद्यात आली आहे. सल्ला हवा असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण बिलच नसेल तर तिथे काय दाखवणार?

कर्जाचा हिशोब तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो, तरी मांडते. समजा गटातून चाळीस हजार घेतले, शेकडा दोन रुपये महिना, वीस हप्ते. मुद्दल दोन हजार, पहिल्या महिन्याचं व्याज आठशे. पहिला हप्ता अठ्ठावीसशे. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरत गेलं तर वीस महिन्यांत व्याज आठ हजार चारशे. म्हणजे दात पडला अठ्ठेचाळीस हजार चारशेला. त्यात सहा-सात खेपांचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरा. हा दात दूध देणार नाही, पीठ दळणार नाही. तरीही समोरचा दात गेल्यामुळे पदर तोंडावर धरून बोलणाऱ्या, बँकेत साहेबासमोर गप्प बसणाऱ्या बाया मी बघितल्यात. त्यांच्यासाठी तो खर्च वायफळ आहे असं मी कधीच म्हणणार नाही. समितीने एवढं बघावं की अर्जाबरोबर लेखी खर्चपत्रक आहे का, साखरेचा रिपोर्ट आहे का, दुसरा पर्याय बाईला कुणी सांगितला का. आणि कर्ज एकदम सगळं देण्यापेक्षा दोन टप्प्यांत द्यावं, स्क्रूच्या वेळी अर्धं, कॅपच्या वेळी अर्धं. दवाखान्यातून मिळणाऱ्या बिनव्याजी हप्त्यांचाही कागद आणून सभेत वाचा. त्यात फाइलचा खर्च आणि हप्ता चुकला तर दंड किती, ते बारीक अक्षरात असतं.

खर्च झेपत नसेल तर शासकीय दंत महाविद्यालयात जा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. खासगी दंत महाविद्यालयांतही शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात, दर कमी असतो. वेळ जास्त लागतो, खेपा जास्त होतात, हे धरून चाला.

बसवल्यावरचं थोडक्यात. स्क्रूला कीड लागत नाही, पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला सूज येते, आणि त्याला नस नसल्यामुळे दुखत नाही. दुखेपर्यंत हाड गेलेलं असतं. म्हणून दोन वेळा मऊ ब्रश, फटीत घालायचा बारीक ब्रश, आणि सहा महिन्यांनी दाखवणं. हिरडीतून रक्त किंवा पू दिसला तर त्याच आठवड्यात.

आता विचारा.

(एका ताईंनी विचारले, सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत, या वयात चालेल का?)

चालेल. वयाची अट नाही, तब्येतीची आहे. साखर, रक्तदाब, गोळ्या बघायच्या. आणि सासूबाईंना स्वतःला हवाय का ते विचारा. कधीकधी मुलाला हवा असतो, आईला आपली जुनी कवळी नीट घट्ट करून मिळाली तरी पुरते.

(माझ्या मुलीचा पुढचा दात सायकलवरून पडून तुटला. ती पंधरा वर्षांची आहे.)

तिला आत्ता इम्प्लांट नको. तिचा जबडा अजून वाढतोय. बाकीचे दात जबड्याबरोबर सरकतात, स्क्रू जागचा हलत नाही, मग तो दात पुढे आखूड दिसतो. वाढ थांबेपर्यंत, मुलींचं साधारण अठरा तरी, शेजारच्या दाताला चिकटवलेला तात्पुरता दात करून घ्या. दात मुळात शिल्लक असेल तर वाचवता येतो का तेही बघू. उद्या घेऊन या तिला.

(खूप दुखतं का?)

भूल असते, तेव्हा करताना दुखत नाही, घरघर जाणवते. नंतर दाढ काढल्यावर दुखतं तेवढं. दोन-तीन दिवस सूज, पातळ भात, थंड ताक.

(धातू अंगात राहिला तर एमआरआय काढता येतो का?)

येतो. टायटॅनियमचं काही अडत नाही, फक्त काढणाऱ्यांना आधी सांगायचं. बटणाची कवळी असेल तर ती काढून ठेवायची.

प्रश्न अजून असतील, पण पाच वाजलेत आणि लांबच्या गावच्या बायांची गाडी सुटेल. मी बॅटरी आणि आरसा आणलाय. ज्यांना तोंड दाखवायचं त्यांनी खिडकीपाशी उजेडाला या, आजच्या आज सांगते कुणाला काय लागेल. ओठाच्या आत पांढरा चट्टा आहे, तोंड पूर्ण उघडत नाही किंवा दोन आठवडे जखम भरली नाही, अशा असतील त्यांनी आधी या, बाकीच्यांनी त्यांना पुढे जाऊ द्या. आणि मिसरी लावून आलेल्यांनी बाहेरच्या नळावर चूळ भरून यायचं.